झुरळाचा पंख आणि खडकाचे वय

झुरळाविषयी दोन गोष्टी आपण सारेच ऐकत आलो आहोत. एक, अणुयुद्धानंतरही ते जिवंत राहील. आणि दुसरी, गेली तीस कोटी वर्षे ते जसेच्या तसे आहे. पहिल्या गोष्टीचा विचार येथे करण्याचे कारण नाही. दुसरी मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. रात्री ओट्याखालून निघणारे झुरळ आणि दगडी कोळशाच्या खाणीत सापडणारा झुरळासारखा कीटक यांच्यात वरवर पाहता कमालीचे साम्य आहे, हे खरे. परंतु हा प्राणी खरोखरच तीस कोटी वर्षांत बदलला नसता, तर भूशास्त्रज्ञांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. ज्या टांकसाळीत प्रत्येक राजाच्या कारकिर्दीत एकच छाप वापरला जातो, तिथल्या नाण्यावरून राजा कोण ते सांगता येत नाही. हे कीटक बदलत गेले, त्यांच्यातील एका कुळाच्या पंखांवरची नक्षी तर बरीच झपाट्याने बदलत गेली, आणि म्हणूनच युरोप व अमेरिकेतील काही खडकांचे वय ठरवताना आज या पंखांची साक्ष काढली जाते.

प्रथम हे कीटक कोण, ते पाहू. पृथ्वीच्या इतिहासातील कार्बॉनिफेरस कल्प सुमारे ३५ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि २९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी संपला. त्यानंतरचा पर्मियन कल्प २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीपर्यंत चालला. कार्बॉनिफेरसच्या उत्तरार्धात आजचा युरोप आणि उत्तर अमेरिका विषुववृत्ताच्या आसपास होते आणि त्यांच्या सखल भागांत अफाट दलदली पसरलेल्या होत्या. लेपिडोडेंड्रॉन, सिजिलॅरिया, कॅलॅमाइट्स असे उंच वृक्ष आणि वृक्षाएवढे नेचे या दलदलींत वाढत. फूल नव्हते, गवत नव्हते, पक्षी नव्हते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण आजच्या २१ टक्क्यांहून बरेच अधिक होते, असे अनुमान आहे. या अरण्यांच्या तळाशी कुजणाऱ्या पाचोळ्याचे जाड थर साचत, आणि त्या पाचोळ्यात हे कीटक मोठ्या संख्येने राहत. त्या काळच्या अनेक जीवाश्मस्थळांवर इतर कोणत्याही कीटकांपेक्षा यांचेच अवशेष अधिक मिळतात. काही लेखकांनी तर त्या काळाला 'झुरळांचे युग' म्हणून टाकले आहे.

चपटे अंग, डोके झाकणारी ढालीसारखी पाठीची पाटी, पाठीवर एकावर एक मिटलेले पंख आणि धावण्याजोगे पाय, हे सारे ओळखीचेच वाटते. फरक आहे तो मादीच्या शरीराच्या मागील टोकाशी. आजच्या झुरळाची मादी आपली अंडी एका कठीण डबीत बंद करते. कपाटाच्या कोपऱ्यात वा जुन्या वह्यांच्या मागे चवळीच्या दाण्याएवढी तपकिरी डबी अनेकांनी पाहिली असेल. प्राचीन कीटकांच्या मादीला मात्र मागच्या बाजूस अंडी घालण्यासाठी लांब नळी होती. नाकतोड्याच्या काही जातींच्या मादीला तलवारीसारखा अवयव असतो, तसाच काहीसा हा प्रकार. या नळीने ती अंडी एकेक करून कुजक्या लाकडात किंवा मातीत रोवत असावी. डबी करून अंडी घालण्याची पद्धत, आणि तिच्याबरोबर आजच्या अर्थाने 'खरे' झुरळ, ही त्यानंतर फार उशिरा, डायनोसॉरांच्या मध्यजीव महाकल्पात आली.

म्हणजे खाणीतला कीटक हा आपल्या घरातील झुरळाचा पूर्वज असला, तरी तो केवळ झुरळाचाच पूर्वज नव्हे. प्रार्थनाकीटक आणि वाळवी यांचेही मूळ याच मंडळींत आहे. वाळवी हा कीटकांचा स्वतंत्र गण आहे असे पाठ्यपुस्तके पूर्वी शिकवत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासाने वाळवी ही वसाहत करून राहणारी झुरळेच होत, या मताला बळकटी दिली. सर्वांच्या या समाईक पूर्वजांना झुरळ म्हणणे म्हणजे पणजोबांना एकाच पणतूच्या नावाने हाक मारण्यासारखे आहे. म्हणून अभ्यासक त्यांना 'झुरळसदृश कीटक' म्हणतात, आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

आपल्या घरातील झुरळाचे वय तर आणखीच कमी आहे. ज्याला जर्मन झुरळ म्हणतात ती लहान, फिकट तपकिरी जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी एका आशियाई रानटी झुरळापासून वेगळी झाली, आणि तीही भारत किंवा म्यानमारच्या परिसरात मानवी वस्तीशी जुळवून घेताना, असा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून निघाला. ज्याला आपण तीस कोटी वर्षांचा मानतो तो शेजारी सातवाहनांच्या काळातला निघावा, ही गंमतच म्हणायची.

आणखी एक गैरसमज आकाराविषयी आहे. त्या काळी ७० सेंटिमीटरच्या आसपास पंखविस्तार असलेला चतुरासारखा कीटक होता, त्यामुळे झुरळेही मांजराएवढी असतील अशी कल्पना सहज होते. प्रत्यक्षात ती तशी नव्हती. अमेरिकेतील ओहायो राज्यातून मिळालेल्या एका अखंड जीवाश्माची २००१ मध्ये बरीच प्रसिद्धी झाली. तो त्या वेळी माहीत असलेला सर्वांत मोठा पूर्ण नमुना होता, आणि त्याची लांबी होती सुमारे नऊ सेंटिमीटर. दक्षिण व मध्य अमेरिकेतील जंगलांत आजही तेवढी मोठी झुरळे आहेत. बहुतेक झुरळसदृश कीटक त्याहून बरेच लहान होते.

त्यांचे पूर्ण शरीर दगडात सापडणे हा दुर्मीळ योग. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील रसेल गारवुड आणि मार्क सटन यांनी २०१० साली असा एक नमुना न फोडता पाहिला. इंग्लंडच्या मध्य भागातील कोझली येथील लोहयुक्त गोट्यात 'आर्किमायलॅक्रिस' या कीटकाचा साचा होता. त्यांनी रुग्णालयातील सीटी स्कॅनसारख्याच, परंतु कितीतरी सूक्ष्म क्ष-किरण चित्रणाने त्याची त्रिमित प्रतिमा संगणकावर उभी केली. लांब पाय, टोकाला नख्या आणि पायांवर चिकटून राहण्यास उपयोगी पडणाऱ्या गाद्या त्या प्रतिमेत दिसल्या. जमिनीवर वेगाने धावणारा आणि झाडाच्या खोडावरही सहज चढणारा असा हा प्राणी असावा. झुरळाला चप्पल घेऊन मारायला जाणाऱ्या कोणालाही हे वर्णन नवे वाटणार नाही.

परंतु खडकाचे वय ठरवताना अशा अखंड नमुन्यांवर विसंबून चालत नाही. तिथे उपयोग होतो तो सुट्या पंखांचा. कीटक मेल्यावर त्याचे मऊ शरीर कुजते, बेडूक-पालीसारखे प्राणी ते खातात, पाण्यात त्याचे तुकडे होतात. पुढचे दोन पंख मात्र चामड्यासारखे चिवट असतात. मागच्या नाजूक पंखांवर झाकण म्हणून ते असतात आणि सहसा पचतही नाहीत. ते गळून पडतात, पाण्यावर तरंगत एखाद्या तळ्याच्या शांत भागात जातात आणि बारीक चिखलात रुतून बसतात. कोट्यवधी वर्षांनी त्या चिखलाचा पत्रीसारखा थरांचा खडक होतो. कोळशाच्या थरांच्या वर-खाली असा खडक भरपूर असतो. त्याचा पापुद्रा उचकटला की कधीकधी नखाएवढा, कधी बोटाच्या दोन पेरांएवढा पंख समोर येतो.

या शोधात खाणींचा वाटा फार मोठा आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील मॅझन क्रीकचे प्रसिद्ध गोटे कोळशासाठी काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांतून गोळा झाले. फ्रान्समधील कोमंत्री येथील खाणीतून तर हजारो कीटक मिळाले. तेथील खाणीचे प्रमुख होते आंरी फेयॉल. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असते. १९१६ मधील त्यांचा ग्रंथ आणि त्यातील चौदा तत्त्वे या विषयाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत आहेत. याच फेयॉल यांनी कोमंत्रीचे थर प्राचीन तळ्यातील त्रिभुज प्रदेशात कसे साचले याचा सखोल अभ्यास केला, आणि खाणीतील जीवाश्म शास्त्रज्ञांच्या हाती पडतील अशी व्यवस्था ठेवली. ते कीटक शार्ल ब्राँन्यार यांनी अभ्यासले आणि १८९३ मध्ये त्यांच्यावर मोठा प्रबंध सिद्ध केला.

आता पंखाकडे जरा बारकाईने पाहू, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. कीटकाच्या पंखात शिरांचे जाळे असते. कडेची शीर, तिच्या आतली, मग मधल्या शिरांचे फाटे आणि पंखाच्या बुडाशी, एका ठळक वळणदार खाचेने वेगळा केलेला छोटा भाग, अशी त्यांची मांडणी ठरलेली असते. या शिरांना सर्व कीटकांत लागू पडतील अशी समान नावे देण्याची पद्धत कॉम्स्टॉक आणि नीडहॅम या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये मांडली, आणि ती किरकोळ बदलांसह आजही चालते. कोणती शीर कुठे फुटते, तिचे किती फाटे कडेला पोहोचतात, दोन शिरांमध्ये जागा किती, यावरून कीटकाचे कूळ ओळखता येते.

त्याआधीच, १८७९ मध्ये, बोस्टनच्या सॅम्युएल स्कडर यांनी तोवर माहीत असलेल्या सर्व पुराजीव 'झुरळां'चा आढावा प्रसिद्ध केला होता. स्कडर हे मूळचे फुलपाखरांचे अभ्यासक, आणि त्यांची नजर पंख वाचायला सरावलेली. प्राचीन कीटक आजच्या झुरळांहून वेगळ्या गटात ठेवले पाहिजेत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. पुढे व्हिएन्नाच्या आंटोन हांडलिर्श यांनी १९०६ ते १९०८ या काळात जगातील सर्व जीवाश्म कीटकांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. या दोघांच्या चिकाटीला तोड नाही. परंतु त्यांच्या पद्धतीत एक दोष होता, आणि त्याची किंमत नंतरच्या पिढ्यांना मोजावी लागली.

तो दोष असा. एखाद्या पंखातील शिरेला पाच फाटे आणि दुसऱ्याला सहा, एवढ्या फरकावर नवी जात जाहीर होत असे. बहुतेक जातींचा आधार म्हणजे एकच पंख, आणि तोही अनेकदा तुटका. अशा शेकडो जाती नोंदल्या गेल्या. एका खाणीत पंचवीस जाती, शेजारच्या खाणीत वेगळ्याच पंचवीस, आणि दोन्हींत समान एकही नाही! असे असेल तर एका ठिकाणचा थर दुसऱ्या ठिकाणच्या थराशी जुळवायचा कसा? त्यामुळे झुरळसदृश कीटक संग्रहालयाच्या कपाटात पडून राहिले. भूशास्त्रज्ञांनी त्यांचा नाद जवळजवळ सोडला होता.

ही कोंडी फोडली ती जर्मनीतील फ्रायबर्गच्या योर्ग श्नायडर यांनी. फ्रायबर्ग येथील खाणशास्त्राची अकादमी १७६५ मध्ये स्थापन झालेली, भूशास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान असलेली संस्था. श्नायडर यांनी १९७७-७८ च्या सुमारास प्राचीन कीटकांच्या पंखांतील विविधतेचा प्रश्न हाती घेतला. एकाच जातीत शिरांची संख्या किती बदलू शकते? झुरळांच्या बाबतीत उत्तर चक्रावणारे आहे. एकाच प्राण्याचा डावा पंख आणि उजवा पंख यांतील फाटे सारखे नसतात. जुन्या नियमाने पाहिले असते तर अशा एकाच कीटकाची डावी बाजू एका जातीची आणि उजवी दुसऱ्या जातीची ठरली असती. फाटे मोजण्यावर उभारलेली जातींची इमारत त्यामुळे बरीचशी कोसळली. माझ्या मते या विषयातील हे सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे, कारण पुढचे कालमापन शक्य झाले ते आधी ही नावांची रास उपसल्यामुळे.

मग भरवसा कशाचा धरावा? श्नायडर यांचे लक्ष 'स्पायलोब्लाटिनिडी' या कुळाकडे गेले. ग्रीक भाषेत 'स्पिलोस' म्हणजे डाग. या कुळातील कीटकांच्या पुढच्या पंखांवर गडद आणि फिकट डागापट्ट्यांची ठसठशीत नक्षी असते, आणि दगडातही ती बऱ्याचदा टिकून राहते. नक्षीचा साचा शिरांच्या फाट्यांपेक्षा अधिक स्थिर असतो. एका जातीत तो साधारण सारखा राहतो, आणि एका थरातून वरच्या थरात जाताना टप्प्याटप्प्याने बदलतो. 'सिसिओफ्लेबिया' आणि 'स्पायलोब्लाटिना' या वंशांच्या जाती एकामागोमाग कशा आल्या याची साखळी त्यांनी लावली, आणि तिच्या आधारे १९८२ मध्ये कालपट्ट्यांचा पहिला आराखडा मांडला. पुढे श्लॉयसिंगेनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील राल्फ वेर्नेबुर्ग यांच्यासह २००६ मध्ये आणि नंतरही त्यात भर पडत गेली. या पट्ट्यांपैकी एकेक पट्टी साधारण पंधरा ते वीस लाख वर्षांची आहे. वीस लाख वर्षे हा काळ आपल्याला अफाट वाटेल; पण तीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकाबाबत तो तारीख नव्हे तरी महिना सांगण्याइतका नेमका आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमधील कालव्यांच्या कामावर मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथ यांनी ठरावीक थरात ठरावीक जीवाश्म असतात हे हेरले आणि त्या आधारे १८१५ मध्ये देशाचा भूशास्त्रीय नकाशा काढला. तेव्हापासून थरांची जुळणी जीवाश्मांवरून होत आली आहे. ज्या जीवाश्मावरून काळ ओळखायचा तो ओळखण्यास सोपा, संख्येने भरपूर, दूरवर पसरलेला आणि तरीही थोडाच काळ टिकलेला हवा. समुद्रात साचलेल्या खडकांत असे जीव मुबलक असतात. कार्बॉनिफेरस संपून पर्मियन कल्प कुठे सुरू झाला, याची आंतरराष्ट्रीय खूण १९९६ मध्ये कझाकस्तानातील आयदारालाश ओढ्याच्या काठच्या खडकांत निश्चित झाली. ती 'कोनोडाँट' या सर्पाकृती सागरी प्राण्याच्या सूक्ष्म दातांवर आधारलेली आहे. त्या सीमेचे वय २९ कोटी ८९ लाख वर्षे धरले जाते.

अडचण अशी की ज्या खडकांत कोळसा आहे, तळ्यांतील चिखल आहे, नदीची वाळू आहे, तिथे समुद्र नव्हता, आणि म्हणून कोनोडाँटही नाहीत. जर्मनीत 'रोटलीगेंड' नावाचे तांबड्या खडकांचे जाड थर आहेत. नाव खाणकामगारांनी दिलेले. तांबे देणाऱ्या काळ्या पाटीच्या खाली असलेला, काहीच न देणारा तांबडा खडक, असा त्याचा भावार्थ. शंभर वर्षांहून अधिक काळ भूशास्त्रज्ञ या खडकांचे वय ठरवत आले, पण एका खोऱ्यातील तांबडा वाळूखडक शेजारच्या खोऱ्यातील तांबड्या वाळूखडकाएवढ्याच वयाचा आहे की नाही, हेही खात्रीने सांगता येत नसे. वनस्पतींच्या पानांवरून अंदाज बांधत, पण पाने हवामानाप्रमाणे बदलतात. ओल्या दरीत जुनी वनस्पती तग धरून राहते, कोरड्या टेकडीवर नवी आधी येते. त्यामुळे दोन ठिकाणची सारखी पाने म्हणजे सारखा काळ, असे म्हणता येत नाही.

झुरळसदृश कीटक इथे उपयोगी पडले. ते उडू शकत असल्याने डोंगर आणि खोरी ओलांडून पसरत. त्या वेळी अटलांटिक महासागर अस्तित्वात नव्हता. युरोप आणि अमेरिका 'पँजिया' या एकाच महाखंडाचे भाग होते. त्यामुळे ड्रेस्डेनजवळच्या वाइसिगच्या नावाने ओळखला जाणारा कीटक ज्या कुळातला, त्याच कुळातले पंख अमेरिकेच्या पश्चिम भागातही निघतात. आज विमानाने दहा-बारा तास लागतात एवढ्या अंतरावरचे दोन थर एका पंखाच्या नक्षीने जोडता येतात.

तरीही एक दुवा निसटत होता. पंखांवरून जमिनीवरचे थर एकमेकांशी जुळले, पण समुद्राच्या प्रमाणित घड्याळाशी त्यांचा मेळ कसा घालायचा? त्यासाठी जिथे समुद्र आणि जमीन एकमेकांवर आलटून-पालटून आली असेल असे ठिकाण हवे होते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, आल्बुकर्कीच्या नैर्ऋत्येस, 'कॅरिझो अरोयो' नावाचा कोरडा नाला आहे. त्याच्या उघड्या दरडींत कार्बॉनिफेरस-पर्मियन सीमेच्या आसपासचे थर दिसतात. समुद्र आत आला की चुनखडक साचला, मागे हटला की चिखल आणि वाळू. चुनखडकात कोनोडाँट, आणि अधल्यामधल्या चिखलाच्या थरांत पाने व कीटकांचे पंख. न्यू मेक्सिकोच्या संग्रहालयातील स्पेन्सर ल्यूकस, श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दरडीचा थरवार अभ्यास करून २००४ पासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन वेगळ्या घड्याळांचे काटे एकाच भिंतीवर पाहता यावेत, तशी ही जागा आहे.

दगडातील झिरकॉन स्फटिकांतून युरेनियम आणि शिसे मोजून प्रत्यक्ष वर्षे काढण्याची पद्धत आता इतकी अचूक झाली आहे, की मग पंख कशाला, असे कोणी विचारील. परंतु त्यासाठी ज्वालामुखीची राख हवी, आणि ती प्रत्येक थरात नसते. राखेचा थर वर एक, खाली एक. मधल्या दोनशे मीटर खडकाचे काय? तिथे पंखच विचारावा लागतो. उलट, पंखांवरून ठरलेला क्रम बरोबर आहे की नाही हे राखेवरून पडताळता येते, आणि काही ठिकाणी त्यामुळे जुन्या वयांत दुरुस्त्याही कराव्या लागल्या. पंख 'कोण आधी, कोण नंतर' हे सांगतो. 'किती वर्षांपूर्वी' हे झिरकॉन सांगतो. वेर्नेबुर्ग यांनी त्याच खडकांतील लहान उभयचर प्राण्यांवरून आणखी एक स्वतंत्र क्रम लावला आहे. तीन साक्षीदारांची जबानी जुळली की निष्कर्ष पक्का होतो.

काळाव्यतिरिक्तही पंख बरेच काही सांगतो. पंख अखंड असेल तर तो फार दूरून वाहून आलेला नाही. तळ्याचे पाणी संथ होते. पंख फाटके आणि एकाच दिशेला लागलेले असतील तर प्रवाह होता. करड्या, पानांनी भरलेल्या थरांत हे कीटक पुष्कळ असतात. वरच्या तांबड्या, सुकलेल्या मातीच्या थरांत ते कमी होत जातात, आणि मधेच एखाद्या करड्या पट्टीत पुन्हा दिसतात. विषुववृत्तावरील दलदली एका फटक्यात नाहीशा झाल्या नाहीत, कोरडे आणि ओले काळ आलटून-पालटून येत एकूण कल कोरडेपणाकडे झुकत गेला, हे चित्र अशा थरांवरून उभे राहिले आहे.

आणि इथे आपला, म्हणजे महाराष्ट्राचा, अनपेक्षित संबंध येतो. युरोपात दलदली सुकत होत्या त्याच सुमारास भारत दक्षिण ध्रुवाच्या दिशेने बऱ्याच खाली, गोंडवन महाखंडात होता, आणि त्याच्या मोठ्या भागावर बर्फ होते. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या खोऱ्यात इरई येथे हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला आणि ओरखडे ओढलेला खडक आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ मध्येच त्याची नोंद केली होती. आज उन्हाळ्यात देशातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत असणारे चंद्रपूर एके काळी हिमनदीखाली होते! हे बर्फ वितळणे आणि युरोपातील तांबडे खडक साचणे यांचा परस्परसंबंध काय? ध्रुवावरचे बर्फ कमी होते तेव्हा विषुववृत्तावर पाऊस वाढतो की घटतो? आजच्या हवामानाच्या चर्चेत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाही. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी दोन्हीकडच्या घटना एकाच वेळच्या आहेत का, हे कळले पाहिजे. कालमापनात पन्नास लाख वर्षांची चूक असेल तर कार्यकारणभावच उलटा होऊ शकतो.

दुर्दैवाने, पंखांचे हे घड्याळ आपल्याकडे चालत नाही. डागाळ पंखांचे ते कूळ उष्ण पट्ट्यातील. बर्फ ओसरल्यावर वर्धा खोऱ्यात जो कोळसा तयार झाला, तो ग्लॉसोप्टेरिस या थंड हवामानातील वनस्पतीच्या अरण्यांचा. चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळशाचे वय त्यामुळे मुख्यतः परागकण आणि बीजाणूंवरून काढले जाते. झुरळसदृश कीटक भारतात मुळीच सापडले नाहीत, असे मात्र नाही. काश्मीरमधील पर्मियन खडकांतून मिळालेल्या अशा एका कीटकाला हांडलिर्श यांनी 'गोंडवानोब्लाटा' हे नाव दिले. पण एकूण नमुने मोजकेच आहेत, आणि मोजक्या नमुन्यांवर क्रम लावता येत नाही.

जीवाश्म कीटकांची ओळख महाराष्ट्राला नवीन नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना टाकळी येथे, दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधील गाळात, भुंग्यांच्या पंखांची कवचे मिळाली होती. अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन केले आणि दोन जातींना हिस्लॉप आणि हंटर यांची नावे दिली. तो गाळ झुरळसदृश कीटकांहून वीस कोटींहून अधिक वर्षांनी अलीकडचा, तेव्हा आपल्या विषयाशी त्याचा संबंध एवढाच, की कीटकाचा पंख टिकण्याजोगा बारीक गाळ विदर्भात आहे आणि तो शोधणारी नजर दीडशे वर्षांपूर्वी तिथे होती.

अशी नजर आज कोणाला वापरायची असेल, तर एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. थरांचा खडक उचकटला की जीवाश्माचे दोन भाग होतात, वहीच्या समोरासमोरच्या पानांसारखे. एका भागावर पंखाचा उठाव राहतो, दुसऱ्यावर साचा, आणि डागांची नक्षी कधी या बाजूला चिकटते तर कधी त्या. नवशिके एक भाग घेऊन दुसरा टाकून देतात. दोन्ही भाग ठेवावेत, त्यांवर एकच क्रमांक घालावा, आणि पंख कोणत्या थरातून, कोळशाच्या पट्टीच्या किती वर वा खाली मिळाला, हे तिथल्या तिथे लिहून ठेवावे.